वाचून दाखवलं, बरोबर आहे

सुरतेत आमच्या डिंडोलीच्या नाक्यावर पोंकाचा ठेला लागला की माझ्या मोबाईलवर मुलांचे निरोप यायला लागतात. हे दोन्ही हंगाम दरवर्षी एकाच सुमारास येतात. शेतातली ज्वारी तेव्हा हिरवी, कोवळी, दुधाळ असते आणि लॉच्या शेवटच्या वर्षातली मुलंही साधारण तशीच असतात. ‘ताई, क्लर्कशिपचा अर्ज करतोय, कव्हर लेटर एकदा बघाल का?’ मग एक फाईल येते. तिच्यात न्यायाची आवड, संशोधनाची ओढ, कठोर परिश्रमाची तयारी, सगळं ठासून भरलेलं असतं. नाव झाकलं तर कोण कुणाचं पत्र ते त्यांच्या आईबापांनाही ओळखता येऊ नये.

मी हसते, कारण माझंही पत्र असंच होतं. खरं तर माझी पत्रं, कारण ती पंधरा होती.

त्या हिवाळ्याचा वास अजून नाकात आहे. भाजलेल्या पोंकाचा, लिंबू-मिऱ्याच्या शेवेचा आणि नव्या साडीच्या खळीचा. माय पोंकाला पोंक म्हणत नाही, हुरडाच म्हणते. धुळ्याकडून इथं येऊन तिला पंचवीस वर्षं झाली, पण हुरडा हा हुरडाच आणि तापी ही आपलीच, आपल्याकडूनच वाहत इथं आलेली, यावर ती ठाम आहे. घरात आम्ही आईला मायच म्हणतो. पप्पा पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, आणि माय घरी साड्यांच्या घड्या घालते. मार्केटमधून गठ्ठे येतात. साडी झटकायची, तळहातानं सपाट करायची, डागी-फाटका माल बाजूला टाकायचा, मध्ये पुठ्ठा घालून घडी मारायची आणि पिशवीत सरकवायची. दोन खोल्यांच्या आमच्या घरात जमीन अशी फार क्वचित दिसायची. मी साड्यांच्या दोन थप्प्यांच्या मधे लॅपटॉप ठेवून न्यायमूर्तींना पत्रं लिहीत होते.

ही लॉ क्लर्कची जागा म्हणजे काय, हे गल्लीत समजावून सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले होते. कायद्याची पदवी घेतलेल्या मुलामुलींना हायकोर्टाचे न्यायमूर्ती वर्षभर आपल्या हाताखाली घेतात. कागद वाचायचे, जुने निकाल शोधायचे, दोन्ही बाजूंचं म्हणणं टिपून द्यायचं. निकाल जिथं तयार होतो तिथं बसून तो कसा तयार होतो ते बघायला मिळतं. पण ‘क्लर्क’ हा शब्द ऐकला की शेजारच्या काकू हळहळायच्या, की पाच वर्षं शिकून पोरगी कारकूनच होणार. पप्पांनाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. मला मात्र त्या एका वर्षाची भूक लागली होती. डिंडोलीतून त्या दालनात जायला दुसरा रस्ता मला ठाऊक नव्हता. ओळखीचा वकील नाही, घरात कुणी काळा कोट घातलेला नाही. दार वाजवायला माझ्याकडे होतं ते एक पान, कव्हर लेटर.

पहिली चौदा पत्रं मी सीनियर मुलांनी पाठवलेल्या नमुन्यांवरून लिहिली. शब्दकोशातून जड शब्द काढून त्यात बसवले. एका पत्रात तर ‘आपल्या दैदीप्यमान न्यायनिष्ठेच्या सावलीत’ अशा अर्थाचं काहीतरी होतं, ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. उत्तर एकाचंही आलं नाही. महिनाभर मी मेल उघडून बघत होते आणि मोबाईल कंपन्यांच्या जाहिरातींशिवाय माझी कुणाला आठवण होत नव्हती. मग अहमदाबादेतल्या एका सीनियरनं फोनवर मला गुरुमंत्र दिला. न्यायमूर्तींकडे शेकड्यानं पत्रं येतात, त्यांनी तुझंच का वाचावं, असं त्यानं विचारलं. तू स्लममधून आलेली, आई मजूर, ते लिही, संघर्ष लिही, वाचणाऱ्याचे डोळे भरून आले पाहिजेत, असंही म्हणाला.

पंधरावं पत्र मी एका बैठकीत लिहिलं. माझी आई निरक्षर मजूर आहे. आम्ही झोपडपट्टीत राहतो. रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून मी कायदा शिकले. आईला न्याय या शब्दाचा अर्थही माहीत नाही, म्हणून तो शोधायला मी निघाले. असं ते एक पान होतं. वाचताना डोळे भरून आले खरे, पण ते माझेच. आपण इतके दुःखी आहोत हे मला तोवर माहीत नव्हतं.

खरं सांगायचं तर, कॉलेजात असताना मला मायच्या कामाची लाज वाटायची. मैत्रिणींनी विचारलं तर ‘मम्मी घरीच असते’ एवढंच मी सांगायची. कुणी घरी येतो म्हटलं की काहीतरी निमित्त काढून टाळायची, कारण दार उघडलं की समोर साड्यांचा डोंगर. आणि तिलाच मी आता न्यायमूर्तींपुढे दीनवाणी करून उभी केली होती.

या पत्राची छापील प्रत काढून, सही करून, ती पोस्टानं पाठवायची होती. सोबत नोटरीपुढचं एक हमीपत्रही लागत होतं. त्यामुळे मी कोर्टाच्या आवारात कुंदाबेनकडे गेले. कुंदाबेन मूळच्या अकोल्याच्या. नवऱ्याच्या मागं सुरतेला आल्या आणि इथल्या रिवाजाप्रमाणे ताईच्या बेन झाल्या. गुलमोहराखाली एक टेबल, वर रंग उडालेली छत्री, एक कॉम्प्युटर, एक खोकणारा प्रिंटर. पूर्वी तिथंच टाइपरायटर होता. तीस वर्षं त्यांनी लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप केली. वकील येऊन घाई करायचे, पक्षकार घाम पुसत उभे असायचे आणि कुंदाबेन आपल्या गतीनं चालायच्या. वकिली शिकायला मी ज्यांच्याकडे जायची ते साहेबसुद्धा त्यांच्यापुढे आवाज खाली ठेवत.

त्यांची एक रीत होती. कागद छापण्याआधी तो ज्याच्या तोंडचा आहे त्याला समोर बसवायचं आणि ओळीनं वाचून दाखवायचं. त्याला कळेल त्या भाषेत. गुजराती, हिंदी, मराठी, थोडी उडिया, जी लागेल ती. कोर्टात साक्ष संपली की ती साक्षीदाराला वाचून दाखवतात आणि बरोबर आहे असं तो म्हणाला की मगच खाली सही होते. प्रतिज्ञापत्राखालीही ‘मजकूर वाचून समजावून सांगितला’ अशी ओळ असते. बहुतेक टेबलांवर ती ओळ आपोआप छापून येते, वाचत कुणी नाही. कुंदाबेन वाचायच्या. त्यामागची गोष्ट त्यांनी मला कधीतरी सांगितली होती. कामाला लागल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी एका म्हाताऱ्याचा कागद न वाचता छापून दिला. त्यानं न सांगितलेली एक ओळ कुणीतरी त्यात घातली होती. वर्षभरानं उलटतपासणीत ती ओळ त्याच्यासमोर धरली, खाली त्याचाच अंगठा. तो म्हातारा बाहेर येऊन त्यांच्या टेबलापाशी नुसता उभा राहिला. त्यानंतर एकही कागद न वाचता त्यांच्या टेबलावरून उठला नाही.

त्यांनी हमीपत्र छापलं. मग माझं पत्र स्क्रीनवर उघडून वाचलं. इंग्रजी त्यांना चांगलं येत होतं, तीस वर्षं दुसऱ्यांचं इंग्रजी दुरुस्त करून आलेलं. वाचून झाल्यावर चष्मा कपाळावर चढवून त्यांनी विचारलं, “हे मम्मीला वाचून दाखवलं?”

मी म्हटलं, पत्र माझं आहे, सही माझी आहे, मम्मीचा काय संबंध.

“पत्र तुझं, पण साक्ष तिची आहे यात,” कुंदाबेन म्हणाल्या. “चार ओळी तिच्याबद्दल. तिला माहीत काऊन नसावं? जा, वाचून ये. मग काढते प्रिंट.”

मी चिडले. शेवटची तारीख पाच दिवसांवर आली होती, पोस्टाला दोन दिवस धरायला हवे होते. समोर रस्त्यापलीकडे झेरॉक्सचं दुकान होतं, तिथं कोणी काही विचारत नाही. मी तरातरा रस्ता ओलांडला आणि रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे तीन माणसं होती. मग दोन झाली. मग एक. पेन ड्राइव्ह पुढे करायची वेळ आली तेव्हा माझ्या डोक्यात तो म्हातारा उभा होता, आणि त्याच्या शेजारी माय. दुकानदारानं दोनदा विचारलं, किती कॉपी. मी रांगेतून बाहेर पडले आणि डिंडोलीकडे जाणारी बस पकडली.

घरी पोचले तेव्हा दुपार उतरली होती. माय जमिनीवर बसून घड्या घालत होती, शेजारी ताटलीत थोडा हुरडा. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, पत्र वाचून दाखवते. ती म्हणाली, वाच. हात थांबले नाहीत, ते कधीच थांबत नसत.

मी इंग्रजीतून मराठीत, मराठीतून आमच्या अहिराणीत आणत वाचायला लागले. शिक्षण, गुण, कॉलेजातल्या स्पर्धा, तोवर सगळं सुरळीत गेलं. ‘माझी आई’ इथं आले आणि माझी जीभ अडली. इंग्रजीत लिहिताना ‘निरक्षर’ हा शब्द किती सहज बोटांतून उतरला होता. अहिराणीत तो तिच्या तोंडावर म्हणायचा म्हणजे ‘अडाणी’ म्हणायचं. मी तो शब्द गाळला. मागचंपुढचं जोडून पुढे वाचत गेले.

मायनं हातातली साडी अर्धी मांडीवर ठेवली. घडी घालताना एखादा धागा सुटला असेल तर तो तिच्या तळहाताला आधी कळतो, डोळ्यांना मागाहून.

“मधलं काय सोडी दिधं?” तिनं विचारलं.

आता सुटका नव्हती. मी सगळं वाचलं. अडाणी, झोपडपट्टी, रस्त्यावरचा दिवा, न्यायाचा अर्थही माहीत नसलेली बाई. वाचून झाल्यावर मान वर करायची हिंमत झाली नाही. मायनं राहिलेली घडी पुरी केली, साडी पिशवीत घातली, थप्पीवर ठेवली. रडली नाही, रागावलीही नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

ती एकेक मुद्दा घेत गेली. उलटतपासणी कशी करावी हे पुढे मी मोठमोठ्या वकिलांकडून ऐकलं, पण इतकी शांत पुन्हा नाही ऐकली. ती म्हणाली, मी सातवी शिकेल शे. गावात सातवीपर्यंतच शाळा होती, पुढची असती तर आठवीही शिकले असते. हे घर सोसायटीत आहे, वेऱ्याचं, म्हणजे घरपट्टीचं, बिल माझ्या नावानं येतं, ते कपाटात आहे, बघून घे. रस्त्यावरच्या दिव्याचं ऐकून मात्र ती जराशी दुखावली. तुला कधी उजेड कमी पडू दिला का, असं तिनं विचारलं. बारावीच्या वर्षी तिनं स्वतः खुर्चीवर चढून माझ्या कोपऱ्यात ट्यूबलाइट लावून घेतली होती, आणि तिच्या प्रकाशात मी हे पत्र लिहिलं होतं.

मी पुटपुटले, की सगळे असंच लिहितात, साधं लिहिलं तर कोण वाचेल, माझ्याकडे लिहिण्यासारखं दुसरं आहे काय.

मायनं माझ्याकडे बघितलं. तिला खरोखरच नवल वाटलं होतं.

“पाच वरीस माले रोज वाची दाखाडं,” ती म्हणाली, “ते कसाले नही लिखं?”

आणि मला ती पाचही वर्षं दिसायला लागली. लॉच्या पहिल्या वर्षी इंग्रजी निकाल मला झेपत नव्हते. मोठ्यानं वाचल्याशिवाय डोक्यात शिरत नव्हते आणि मोठ्यानं वाचलं की माय ऐकायची. ती म्हणायची, नुसतं काय बडबडतेस, मलाही सांग. मग मी सांगायची. जमिनीचे, भाडेकरूंचे, नोकरीतून काढलेल्यांचे खटले, साड्यांच्या थप्प्यांमधे बसून, अहिराणीत. मी जिंकणाऱ्याची बाजू सांगायची, कारण निकाल त्याच्या बाजूनं असायचा आणि परीक्षेत तेच विचारायचे. सांगून झालं की माय दरवेळी एकच प्रश्न विचारायची. “जो हारना, तो काय म्हनत व्हता?”

मला तो प्रश्न वैतागवाणा वाटायचा. हरलेल्याचं काय करायचंय आता. पण ती सोडायची नाही. एकदा फुटपाथवरच्या टपरीवाल्यांचा खटला होता. टपरीवाले जिंकले आणि मी खुशीत होते, आपली माणसं जिंकली म्हणून. माय म्हणाली, ते ठीक, पण रोज पायी चालणाऱ्यानं मग कुठून चालायचं, त्याचं म्हणणं कुणी मांडलं का? मी पुस्तक उघडून पुन्हा बघितलं. मांडलेलं होतं, तीन पानं. मी ती गाळून गेले होते. तेव्हापासून मी निकाल आधी हरलेल्याच्या बाजूनं वाचायला लागले. ही सवय मला कुठल्याही प्राध्यापकानं लावली नाही, आणि ती सवय आहे हेसुद्धा त्या दुपारपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

पंधरावं पत्र मी पुसून टाकलं आणि दोन दिवसांत नवं लिहिलं. ते छोटं होतं. आई सातवी शिकलेली आहे आणि साड्यांच्या घड्या घालते. पाच वर्षं मी तिला निकाल आमच्या बोलीत समजावून सांगितले. ती दरवेळी हरलेल्याचं म्हणणं विचारते, म्हणून मी ते आधी वाचायला शिकले. हे पत्र तिला वाचून दाखवलं आहे. बाकी माझे गुण आणि सही. कोणाचे डोळे भरून यावेत असं त्यात काही नव्हतं. मायला वाचून दाखवलं, या वेळी एकही शब्द न गाळता. ती म्हणाली, “आते बराबर शे.”

कुंदाबेननी वाचलं. मी सांगितलं, वाचून दाखवलं. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे क्षणभर बघितलं, दुसरं काही विचारलं नाही, आणि प्रिंटर खोकायला लागला. पान गरम होतं. पाकिटात घालायच्या आधी त्यांनी ते दोन्ही हातांनी सरळ केलं, माय साडी करते तसं.

मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा हुरड्याचा हंगाम सरत आला होता. मी निकालांची नावं, तारखा, कलमं घोकून गेले होते. न्यायमूर्तींनी त्यातलं काही विचारलं नाही. माझं पत्र त्यांच्यासमोर होतं. आईनं सगळ्यात जास्त वाद कुठल्या निकालावर घातला, एवढंच त्यांनी विचारलं. मी टपरीवाल्यांचा खटला सांगितला, मग चालणाऱ्यांची बाजू, आणि आईचा प्रश्न आधी अहिराणीत, मग इंग्रजीत. न्यायमूर्तींनी तो कागदावर लिहून घेतला. पंधरा मिनिटं आम्ही हरलेल्यांबद्दल बोलत होतो. आठवड्यानं पत्र आलं, एका वर्षासाठी निवड झाली होती. पप्पांनी मिलमध्ये पेढे वाटले आणि माझी मुलगी हायकोर्टात क्लर्क झाली असं छाती काढून सांगितलं. समजावून सांगायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

ते वर्ष संपल्यावर मी सुरतेलाच परत आले, इथल्याच कोर्टात वकिली करते. कुंदाबेन अजून गुलमोहराखाली आहेत. प्रिंटर नवा आहे, खोकत नाही, आणि त्यांना ते आवडत नाही. मुलांची पत्रं माझ्याकडे आली की मी भाषा नंतर बघते. आधी विचारते, यात घरच्या कुणाबद्दल लिहिलंय का, आणि त्यांना वाचून दाखवलं का. मुलं माझ्याकडे तसंच बघतात, जसं मी कुंदाबेनकडे बघितलं होतं. परवा भेस्तानची एक मुलगी कोर्टाच्या पायरीवर बसून वडिलांना फोनवर पत्र वाचून दाखवत होती. मध्येच तिचा आवाज अडखळला, मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती आणि वहीत काहीतरी लिहून घेत होती. मी तिथून हळूच निघून गेले.

हा लेख लिहून झाल्यावर आज सकाळी तो घेऊन मी मायपुढे बसले. तिचे हात आता पूर्वीइतके भराभर चालत नाहीत, पण घडी तशीच करकरीत पडते. ती ऐकत होती. कुंदाबेनच्या प्रिंटरवर हसली. पप्पांच्या पेढ्यांवर हसली. मुलाखतीच्या पुढे मी दोन ओळी लिहिल्या होत्या, की त्या वर्षात मी थोर न्यायमूर्ती पाहिले, पण त्यांतल्या कुणापेक्षा माझी माय कमी नाही. तिनं हातानंच थांबवलं. “ते काढी टाक,” ती म्हणाली. “भलतंच शे.” मी खोडलं.

सगळं वाचून झालं, मी कागद गोळा करायला लागले. माय तशीच बसून होती, साडी अर्धी मांडीवर.

“मधलं काय सोडी दिधं?”

एवढ्या वर्षांनीही माझी जीभ तिथंच अडली होती. मैत्रिणींचा तो परिच्छेद मी गाळून पुढे गेले होते. मी तो काढला आणि वाचला. कॉलेजात असताना मला मायच्या कामाची लाज वाटायची. घरी येतो म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी टाळायची. शेवटपर्यंत वाचला आणि म्हटलं, हेही खोडते.

मायनं घडी पुरी केली. तळहात तिच्यावरून एकदा फिरवला, साडी थप्पीवर ठेवली आणि दुसरी घ्यायला हात पुढे केला.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “ते खरं शे.”